नाशिकची द्राक्षवाट एका दिवसात: पहाटे नांदूरमध्यमेश्वर, संध्याकाळी गंगापूर धरण

वाइनसाठी नाशिकला येणारी बहुतेक मंडळी दुपारी गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत उतरतात, फोटो काढतात, जेवतात आणि परत फिरतात. त्यात चूक काही नाही, पण ज्या शेतीमुळे ती वायनरी तिथे उभी आहे ती शेती बघायची राहूनच जाते. निफाड आणि दिंडोरी हे दोन तालुके सकाळच्या उन्हात डोळ्यांखालून घातले, तर संध्याकाळी ग्लासात जे येते त्याची चव वेगळी लागते. म्हणून इथे दिलेल्या दिवसाचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणवठा आणि बाजार, मग बागा, वाइन सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की दिवस फसतो. दुपारी वाइन घेतल्यावर बाजार समितीत धूळ खात उभे राहायची कोणाची इच्छा उरत नाही, आणि तोवर लिलावही उरकलेले असतात.

सगळा फेरा दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरचा होतो. सुरुवात आणि शेवट नाशिक शहरात.

केव्हा जायचे

मकरसंक्रांतीनंतर ते मार्चचा पहिला आठवडा, एवढाच काळ खरा. त्याचे कारण छाटणीत आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. आपल्या हवेत ती झोपत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून पुढच्या हंगामाची काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यातून घड निघतो. गोडी छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण चार ते साडेचार महिने लागतात. त्यामुळे ऑक्टोबरात आलात तर उघड्या काड्या आणि त्यांच्या डोळ्यांना (अंकुर फुटतो त्या जागांना) पेस्ट लावणाऱ्या मजुरांच्या टोळ्या दिसतील. मे महिन्यात आलात तर नुसती खोडे, कोवळी फूट आणि ऊन. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतात, बागा हिरव्या असतात, पण घड एकही नसतो. वायनरी वर्षभर उघड्या असतात, द्राक्षे मात्र नसतात.

वार निवडताना मंगळवार ते शुक्रवार धरा. रविवारी आणि सणावारी कांद्याचे लिलाव बंद असतात, काही बाजार समित्यांत अमावास्येलाही बंद ठेवण्याची रीत आहे. निघण्यापूर्वी पंचांग बघा आणि समितीत फोन करून खात्री करा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी गंगापूर-सावरगाव रस्ता भरून जातो आणि टेस्टिंगच्या टेबलासाठी ताटकळावे लागते. २६ जानेवारी ऐन हंगामात येते आणि तो ड्राय डे असतो. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते. फेब्रुवारीत सुलाफेस्ट (सुला या वायनरीचा संगीत महोत्सव) असेल तर ते दिवस टाळलेले बरे, अर्थात त्यासाठीच येत नसाल तर.

आदल्या रात्रीची तयारी

नाशिकबाहेरून येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच नाशिक गाठावे. मुंबईहून कसारा घाट चढून यायला साडेतीन-चार तास जातात, पुण्याहून संगमनेर-सिन्नरमार्गे पाच. एवढे चालवून पुन्हा दिवसभर चालवणे चालकावर अन्याय आहे. मुंबईहून एकाच दिवसात जाऊन-येऊन करायचे असेल तर हा फेरा सोडा आणि इगतपुरी-घोटी पट्ट्यातल्या सांजेगाव परिसरात जा. मुकणे धरणाजवळ व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा या वायनरी आहेत, भातखाचरे आणि डोंगर आहेत, आणि नाशिक शहरात शिरावेच लागत नाही.

गाडीत घ्यायच्या गोष्टी: मोठा थर्माकोलचा डबा आणि त्यात बर्फाच्या दोन-तीन गोठवलेल्या बाटल्या, दुर्बीण, माणशी किमान दीड लिटर पाणी, सुकी पोळी-भाजी किंवा ठेपले, काही सुटे पैसे, प्रत्येकाचे सरकारी ओळखपत्र, आणि स्वेटर. स्वेटरला हसू नका. निफाड हे राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा जानेवारीत पाच-सहा अंशांपर्यंत सहज उतरतो. अशा रात्री शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, कारण फार थंडी पडली की पांढऱ्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात. बाजारात ‘पिंक बेरी’ म्हणून त्या मालाचा भाव कोसळतो.

आणि चालक आजच ठरवा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असले की गुन्हा. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘थोडी थोडी चाखली तर काय होते’ याचा हिशेब करून बघा. एका टेस्टिंगमध्ये सहा वाइन, प्रत्येकी ३० मिली धरली तर १८० मिली. १३ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सुमारे १८ ग्रॅम अल्कोहोल आले. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते ढोबळमानाने ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाते, पंचावन्न-साठ किलोच्या बाईच्या रक्तात ५० च्या वर. उतरण्याचा वेग तासाला १५ च्या जवळपास. म्हणजे एका वायनरीतली ‘नुसती चव’ही मर्यादा ओलांडते. चालकाने पिऊ नये, एवढाच नियम. चौघेही चाखणार असाल तर नाशिकहून दिवसभरासाठी चालकासह गाडी घ्या.

पहाट: चापडगावचा पाणवठा

पावणेसहाला नाशिक सोडा. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरीवरून निफाडच्या दिशेने, आणि निफाडच्या अलीकडे उजवीकडे नांदूरमध्यमेश्वरचा फाटा. मुख्य रस्त्यावर पाट्या आहेत. चापडगावच्या पर्यटक केंद्रापर्यंत सव्वा तास धरा. या रस्त्यावर अंधारात खरी भीती उसाच्या ट्रॅक्टरची. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस बाहेर आलेला आणि मागे लाल दिवा नाही. साठच्या वर जाऊ नका आणि ट्रॉलीच्या अगदी मागे राहू नका.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. त्याच्या पाण्यात शतकभर गाळ साचत गेला आणि त्यातून बेटे, दलदल आणि पाणगवत तयार झाले. धरण म्हणून हे नुकसान, पण पक्ष्यांना याहून चांगली जागा मिळणे कठीण. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. चित्रबलाक, चमचा, जांभळी पाणकोंबडी, तलवार बदक, थापट्या आणि बदकांच्या थव्यांवर घिरट्या घालणारे दलदली भोवत्या हे हिवाळ्यात इथे दिसतातच म्हणा ना. रोहित (फ्लेमिंगो) येतात, पण दरवर्षी तितकेच येतील असे नाही. कालव्याला आवर्तन सुटले की पाणी खाली जाते, चिखल उघडा पडतो आणि चिखलात चरणारे पक्षी जवळ येतात. पाणी भरपूर असेल तर बदके जास्त, पण लांब.

प्रवेशाजवळ स्थानिक गाइड मिळतात. एक घ्या. त्यांच्याकडची स्टँडवरची दुर्बीण आपल्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी चांगली असते, आणि आज कोणता थवा कुठे उतरला आहे हे त्यांनाच ठाऊक असते. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. भडक कपडे नकोत, ड्रोन तर अजिबात नको. अभयारण्यात तो चालत नाही, आणि पुढच्या वाटेवर ओझरचा विमानतळ असल्यामुळे तिथेही नाही. पावणेनऊला निघा.

लासलगाव: भाव ठरतो तो क्षण

निफाडवरून विंचूर, तिथून डावीकडे लासलगाव. विंचूरला एमआयडीसीचे वाइन पार्क आहे. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, त्या काळात ते उभे राहिले. त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्यांनी फेसाळती वाइन करून निर्यात करण्याचा प्रयत्न केला होता. नाशिकच्या वाइनची गोष्ट एका कंपनीपासून सुरू होत नाही, हे लक्षात ठेवून पुढे चला.

लासलगावला गाडी बाजार समितीच्या आवारात घालू नका. ट्रॅक्टरच्या रांगेत अडकलात तर तासभर सुटका नाही. बाहेर सावलीत लावा आणि चालत आत जा. जानेवारी-फेब्रुवारीत लाल आणि रांगडा कांदा येतो. साठवणुकीचा उन्हाळ कांदा मार्चअखेरीस सुरू होतो. एका ट्रॉलीजवळ उभे राहून पुढचे नीट बघा. व्यापाऱ्यांचा घोळका येतो, कोणी हात खुपसून आतला माल वर काढतो, कोणी कांदा दाबून मान पाहतो, पत्ती (वरची साल) निघालेली आहे का बघतो. बोली क्विंटलची असते. एका ट्रॉलीचा सौदा बहुधा मिनिटाच्या आतच संपतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. शेतकऱ्याने चार महिने राबून आणलेल्या मालाचा भाव त्या मिनिटात ठरतो. मग वजनकाटा, आणि नंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतला जातो. तिथे भाव आणखी कमी करण्यावरून वाद होतात तेही दिसेल.

फोटो काढण्याआधी विचारा. भाव पडलेल्या दिवशी शेतकरी चिडलेले असतात, आणि त्यांचे चिडणे रास्त असते. कोणाच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरू नका. पाऊण तास पुरे.

पिंपळगाव ते दिंडोरी: बाग ओळखायची कशी

लासलगावहून पिंपळगाव बसवंत पंचवीसेक किलोमीटर. तिथून जोपूळ रस्त्याने दिंडोरीकडे. दिवसातला हा सगळ्यात सुंदर रस्ता, त्याला घाई करू नका. दोन्ही बाजूंना बाग, मधे टोमॅटोच्या तारा, शेडनेट, शेततळी.

गाडीतूनच ओळखायला शिका. डोक्यावर मांडव किंवा इंग्रजी ‘वाय’ आकाराचे लोखंडी अँगल, खाली लोंबणारे मोठे घड, तर ती खाण्याची द्राक्षे: थॉमसन, सोनाका, माणिक चमन, काळी शरद सीडलेस. घडांना कागद गुंडाळलेला असेल तर तो ऊन आणि गुलाबी पडणे यांपासून बचावासाठी, आणि असा माल बहुधा निर्यातीचा. याउलट वेली सरळ उभ्या कुंपणासारख्या ओळीत, घड कमरेच्या खाली आणि छोटे, मणी वाटाण्याएवढे, तर ती वाइनची: शेनिन ब्लां, सॉव्हिन्यॉं ब्लां, शिराझ, कॅबरने. खाण्याच्या द्राक्षात बी नाही, साल पातळ आणि गोडी साधारण १६ ते १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप). वाइनच्या द्राक्षात बी असते, साल जाड असते आणि गोडी २२ ते २४ ब्रिक्स. म्हणजे वाइनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांपेक्षा गोड असतात. लोकांना हे उलटे वाटते. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून मणी लहान ठेवायचा. मणी फुगवला की गर आणि पाणी वाढते, त्या मानाने साल कमी पडते. खाण्याच्या बागेत जीए या वाढीच्या संजीवकात (जिबरेलिक ॲसिड) घड बुडवून मणी मोठा करतात, वाइनच्या बागेत तसे करत नाहीत. आधी लवकर पिकणाऱ्या पांढऱ्या जाती तुटतात, कॅबरने सगळ्यात शेवटी. तोडणी पहाटेच उरकतात, कारण तापलेली द्राक्षे वाटेतच आंबायला लागतात.

बागेत न विचारता शिरू नका. बांधावर माणूस दिसला की थांबून ‘दादा, बाग बघितली तर चालेल का?’ एवढे विचारा. नकार क्वचित मिळतो. गाडी बांधाला खेटून नको, ट्रॅक्टरला वळायला जागा ठेवा. ब्लोअरने फवारणी चालू असेल तर काचा वर करून पुढे जा, ते भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांवरचे औषध असते. आणि वेलीवरचा घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर पाळावे लागते, ते संपले की नाही हे फक्त शेतकऱ्याला माहीत. तोडणी चालू असलेल्या बागेतून विकत घ्या: दोन किलो मागा, भाव करू नका, घरी मिठाच्या पाण्यात भिजवून, धुऊन खा. चांगल्या पांढऱ्या द्राक्षाची खूण म्हणजे हिरवटपणा जाऊन सालीवर पिवळसर झाक येणे, आणि देठ हिरवा असणे. देठ तपकिरी असेल तर माल शिळा.

दिंडोरी तालुक्यात थोडे थांबण्यासारखे आणखी एक आहे: पाणी. वाघाड, करंजवण, ओझरखेड, पालखेड या धरणांवर हा हिरवेपणा टिकून आहे. वाघाडचे पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था मोजून घेतात आणि आपसांत वाटतात. कालवा दिसला तर थांबून चाऱ्यांवरचे (छोट्या पाटांवरचे) मोजमाप बघा. मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे. द्राक्ष प्रतवारी आणि पॅकिंग बघायचे असेल तर आधी परवानगी घेऊन जा, दारात जाऊन आत सोडा म्हणू नका.

जेवण दिंडोरीत, साडेबाराच्या सुमारास. साधे जेवा: भाकरी, पिठले, वांगे, ताक. नाशिकची मिसळ उत्तमच, पण आज नको. तर्रीने जीभ भाजली की पुढे तासदोन तास वाइनमधला आंबटपणा आणि अल्कोहोलची जळजळ तेवढी कळते, बाकी काही नाही. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी. उपाशीपोटीही जाऊ नका.

दुपारनंतर: दोनच वायनरी

दिंडोरीहून नाशिककडे येताना रामशेज किल्ला दिसतो, संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना वर्षानुवर्षे दाद न देणारा तो हाच. म्हसरूळहून मखमलाबादमार्गे गंगापूर रस्त्याला लागा, शहरातली गर्दी टळते. तीनपर्यंत गोवर्धन-गंगावऱ्हे गाठा.

इथे सुला, यॉर्क आणि सोमा हाकेच्या अंतरावर आहेत. तिन्ही करण्याचा मोह होतो. दोनच करा. पाच-सहा वाइननंतर नाक थकते, बारानंतर सगळे सारखेच लागते. पहिली वायनरी टूरसाठी, दुसरी निवांत बसण्यासाठी. मोठी वायनरी टूरला बरी, कारण टाक्या, बाटल्या भरायची यंत्रे, बॅरल खोली सगळे एका फेरीत दिसते. सुलात वाइनची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाली आणि त्यानंतरच हा परिसर पर्यटनाचा झाला. संध्याकाळसाठी धरणाकडे तोंड असलेली यॉर्कची बाजू चांगली. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या आसपास बुडतो. दोन्हीकडची वेळ आदल्या दिवशी ठरवून घ्या. २१ वर्षांखालच्यांना वाइन मिळत नाही, ओळखपत्र मागतात.

टूरमध्ये हे विचारा: द्राक्षे स्वतःच्या बागेची की करारावरच्या शेतकऱ्यांची, पैसे वजनावर देता की ब्रिक्सवर, यंदा तोडणी केव्हा सुरू झाली. आंबवण्याच्या टाकीवरचा तापमानाचा आकडा बघा. पांढरी वाइन थंडीत, साधारण १२ ते १६ अंशांवर, हळूहळू आंबवतात, तिचा वास टिकावा म्हणून. लाल वाइन सालींसकट आणि अधिक उबेत, पंचवीसच्या आसपास, रंग सुटावा म्हणून.

चाखताना क्रम हलक्याकडून जडाकडे: फेसाळती, पांढरी, रोझे, लाल, शेवटी गोड. अत्तर, गुटखा, पुदिन्याची गोळी काही नको. ग्लास दांड्याला धरा. आधी न हलवता वास घ्या, मग फिरवून पुन्हा. छोटा घोट तोंडभर फिरवा, गिळा किंवा थुंका. टेबलावरचे भांडे त्यासाठीच असते, त्यात थुंकण्यात अशिष्ट काही नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाने बाटली बिघडली आहे; सांगा, दुसरी उघडतील. लाल वाइन कोमट लागली तर थोडा वेळ थंड करून मागा. तिला १६ ते १८ अंश हवेत, आपल्याकडच्या खोलीचे तापमान नव्हे.

बाटल्या घरी नेताना

खरेदी दिवसाच्या शेवटी करा. उन्हात उभ्या गाडीची डिकी पन्नास अंशांच्या जवळ जाते, आणि तेवढ्या उष्णतेत दोन-तीन तासांतच वाइनचा ताजेपणा जाऊन शिजलेल्या फळाची चव येऊ लागते, बूचही वर सरकते. थर्माकोलचा डबा त्यासाठीच आणला आहे. फक्त बर्फाची बाटली लेबलांना लागू देऊ नका, मधे फडके घाला. बिल हाताशी ठेवा. सुरत-वलसाडकडे जाणाऱ्यांनी बाटली नेऊ नये. गुजरातेत दारूबंदी आहे आणि नाक्यावर तपासणी होते, बिल दाखवून सुटका होत नाही.

घरी पोचल्यावर पांढरी आणि रोझे वर्षभरात संपवा. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. उघडलेली पांढरी फ्रिजमध्ये तीन दिवस, लालही फ्रिजमध्येच, चार दिवस. लाल पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.